अलंकार ओळखताना : काय करावे, काय टाळावे

सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीतल्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, दुपारी साडेबाराला जा. अनेक टेबलांवर माणूस दिसत नाही, नुसते टिशूचे पाकीट दिसते. ते बाजूला सारून तिथे कोणी बसत नाही. सिंगापुरात याला ‘चोप करणे’ म्हणतात. टिशू ठेवला की जागा धरली.

आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात ‘लक्षणा म्हणजे काय?’ असे विचारले तेव्हा पाठ केलेली व्याख्या अर्ध्यावर अडकली. मग विचारले, ‘टेबलावर टिशूचं पाकीट आहे, म्हणजे काय आहे?’ नऊ वर्षांची एक मुलगी लगेच म्हणाली, ‘म्हणजे अंकल नूडल्स आणायला गेलेत.’ वस्तू पाहिली आणि माणूस वाचला. लक्षणा याहून फार वेगळी नाही.

सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. या यादीत मराठी नाही. त्यामुळे शाळेत हिंदी घेणाऱ्या इथल्या मराठी मुलाच्या डोक्यात अलंकारांच्या तीन याद्या असतात : इंग्रजीच्या तासाची, हिंदीच्या तासाची आणि घरची. पुढची टिपणे त्याच्या आईवडिलांसाठी आहेत. मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणातून स्पर्धा परीक्षेपुरते अलंकार घोकलेल्या मंडळींनाही ती उपयोगी पडतील. सगळ्यांचे सार एकच : अलंकाराचे काम आधी समजून घ्यावे, नाव मागाहून सांगावे.

१. सुरुवात करताना

करावे : ओळ वाचली की तीन प्रश्न विचारावेत. बोलणे कशाबद्दल चालले आहे? त्यासाठी दुसरे काय पुढे केले आहे? सरळ सांगितले असते तर काय हरवले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले, तर नाव चुकले तरी अलंकार कळला असे समजावे.

करावे : शब्द बदलून पाहावा. शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करण्याची ही जुनी, खात्रीची कसोटी आहे. ‘पायोहच्या पायवाटेवर पावसाने पाय पसरले’ हे वाक्य घ्या. ‘पावसाने’ऐवजी ‘सरींनी’ म्हटले की ‘प’ची साखळी तुटते, म्हणजे अनुप्रास शब्दावर अवलंबून होता. पण सरींनीही पाय पसरलेच, त्यामुळे पावसाला माणूस करण्याची गंमत शाबूत राहिली. ती अर्थातून आलेली आहे. एका वाक्यात दोन अलंकार असू शकतात, हेही इथे आपोआप कळते.

टाळावे : यादीपासून सुरुवात करणे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ते शंभरावर गेले. आपल्या शालेय पुस्तकांत वीसेक उरले. यादी फुगते आणि आटते. माणूस एका गोष्टीतून दुसरी दाखवतो, ही मूळ युक्ती मात्र तीच राहते.

टाळावे : ‘अलंकार म्हणजे दागिना, म्हणून तो काढला तरी चालतो’ हा समज. ‘पोटात गोळा आला’ यातला गोळा काढून तीच भीती सांगून पाहा. ‘मला भीती वाटली’ एवढेच उरते. ती भीती शरीरात नेमकी कुठे बसली, हे वाक्यातून निघून जाते.

२. अभिधा, लक्षणा, व्यंजना

करावे : एकच वाक्य तीन जणांना ऐकवावे. सिंगापुरात वर्षभर संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडतो. आजी म्हणते, ‘सात वाजले.’ घड्याळापुरता अर्थ ही अभिधा. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, खेळणाऱ्या नातवाला मात्र ‘आता वर ये’ असे ऐकू येते. सुनेला ‘तो अजून ऑफिसातून निघाला नाही वाटतं’ असे, आणि आजोबांना ‘बातम्या लावा’ असे. वाक्य तेच, पण ऐकणाऱ्यागणिक निघणारा हा जादा अर्थ म्हणजे व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याच जादा अर्थाला काव्याचा आत्मा ठरवले.

करावे : लक्षणा ओळखायची तर मूळ अर्थ कुठे अडतो ते आधी पाहावे. संस्कृत साहित्यशास्त्रातले नेहमीचे उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचे आहे. पाण्याच्या प्रवाहावर वाडा उभा राहत नाही, म्हणून अर्थ काठाकडे सरकतो. मग नुसते ‘काठावर’ का म्हटले नाही? कारण गंगेचा गारवा आणि पावित्र्यही त्या वाड्याला द्यायचे आहे. आता इथल्या मेट्रोचे, म्हणजे एमआरटीचे, वाक्य घ्या : ‘आमचं घर एमआरटी स्टेशनवरच आहे.’ रुळांवर कोणी राहत नाही. घर जवळ आहे, आणि त्या जवळिकीचा थोडा तोराही आहे. घराच्या जाहिराती लिहिणाऱ्यांना ही लक्षणा उत्तम येते.

करावे : रोजच्या बोलण्यातून उदाहरणे उचलावीत. इथे बिनसाखरेच्या कॉफीला ‘कोपी कोसोंग’ म्हणतात. कोसोंग हा मलय शब्द, अर्थ ‘रिकामे’. कप तर काठोकाठ भरलेला आहे, मग रिकामे काय? साखरेची जागा.

टाळावे : लक्षणा आणि व्यंजना यांची सरमिसळ. लक्षणेत मूळ अर्थ चालतच नाही. व्यंजनेत तो चालतो आणि वर आणखी एक अर्थ निघतो. टेबलावरचा टिशू लक्षणेच्या घरातला, आजीचे ‘सात वाजले’ व्यंजनेच्या.

टाळावे : रुळलेल्या लक्षणेचे शब्दशः भाषांतर. बाटलीला तोंड, करवतीला दात, खुर्चीला हात. इथवर इंग्रजी आणि मराठी जवळजवळ चालतात. सुईपाशी मात्र वाटा फुटतात : इंग्रजीत सुईला डोळा असतो, मराठीत नाक. ‘सुईच्या डोळ्यात दोरा ओव’ असे मूल म्हणाले तर हसू नये. दोन भाषांनी एकाच भोकाकडे कसे वेगवेगळे पाहिले, ते दाखवावे.

३. उपमा आणि तिची भावंडे : एका ड्रॅगनवर आठ प्रयोग

तोआ पायोहच्या लोरोंग ६ वरचा ड्रॅगन सगळ्या सिंगापुरात प्रसिद्ध आहे. एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाचे रचनाकार खोर एआन घी यांनी 1979 मध्ये मुलांच्या खेळासाठी तो आखला. टेराझोचे मोठे केशरी डोके, मागे लोखंडी कड्यांचे लांबलचक शरीर आणि भोवती वाळू. यातून चढत, सरपटत, घसरत मोठी झालेली मुले आज स्वतःची मुले घेऊन येतात. या ड्रॅगनची तुलना आजोबांशी करू या, कारण पाठीवर बसू देण्याच्या बाबतीत दोघे सारखेच.

– हा ड्रॅगन आजोबांसारखा सोशिक आहे. उपमा.
– हा ड्रॅगन म्हणजे जणू आजोबाच. उत्प्रेक्षा.
– या ड्रॅगन-आजोबांच्या पाठीवर दोन पिढ्या बसल्या. रूपक.
– हा ड्रॅगन नव्हेच, हे तर वस्तीचे आजोबा. अपन्हुती.
– हा ड्रॅगन आजोबांहूनही सोशिक, कधी ‘आता पुरे’ म्हणत नाही. व्यतिरेक.
– या ड्रॅगनसारखा हा ड्रॅगनच. अनन्वय.
– वाळूत बसलेत ते आजोबा की ड्रॅगन? ससंदेह.
– संधिप्रकाशात ड्रॅगनला आजोबा समजून नातू ‘घरी चला’ म्हणाला. भ्रांतिमान.

करावे : उपमेचे चार भाग सुटे करावेत. उपमेय ड्रॅगन, उपमान आजोबा, साधारण धर्म सोशिकपणा, साम्यवाचक शब्द ‘सारखा’. इंजिन एकदा खोलून पाहिले की उरलेल्या सात वाक्यांत कोणता भाग काढला, कोणता वाढवला, ते मूल स्वतः सांगते.

करावे : दोन वस्तूंमधले अंतर मोजावे. उपमेत त्या शेजारी उभ्या असतात. उत्प्रेक्षेत एक दुसरीच असावी असे वाटते. रूपकात दोन्ही एकरूप होतात. अपन्हुतीत पहिली चक्क नाकारली जाते. जवळ येण्याच्या या पायऱ्या लक्षात राहिल्या की नावे पाठ करावी लागत नाहीत.

करावे : उपमान मुलाच्या ओळखीचे आहे का, ते आधी पाहावे. तोआ पायोहच्या मुलाला पाऊस कसा कोसळतो ते पुणेकर मुलाइतकेच ठाऊक असते, पण ‘मुसळधार’ शब्दातले मुसळ त्याने पाहिलेले नसते. त्याला मुसळाचे चित्र दाखवा, जाडी हाताने करून दाखवा. ज्ञानेश्वरी वाचून दाखवतानाही हेच. ज्ञानदेव एक विचार सांगताना उपमांवर उपमा देतात. त्यांतली गाय-वासरू, दिवा-वात, चंद्र-चकोर ही जोडपी डोळ्यांसमोर उभी राहिली नाहीत, तर नुसती शब्दांची गर्दी होते.

टाळावे : ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसले की उपमा, असा आंधळा हिशेब. ‘तू माझ्यासारखा बस पकड’ यात ‘सारखा’ आहे, अलंकार नाही. एका जातीच्या दोन गोष्टींची साधी तुलना म्हणजे नुसती माहिती. जात वेगळी हवी आणि दुवा अनपेक्षित हवा.

टाळावे : प्रत्येक रूपकाचे सगळे धागे जुळवत बसणे. आजोबा सोशिक आहेत एवढाच इथे दुवा. ‘मग ड्रॅगन पेन्शन घेतो का?’ असे पोरांनी विचारले तर हसावे आणि पुढे जावे.

४. निर्जीवाला जीव, आणि एका शहराचे नाव

करावे : चेतनगुणोक्ती शिकवताना क्रियापदाकडे बोट दाखवावे. ‘मुले घरी गेली की ड्रॅगन एकटाच जांभई देत बसतो.’ जीव ‘ड्रॅगन’ या नामाने आणला नाही, ‘जांभई देत’ या शब्दांनी आणला. मुलांना घरातल्या पाच वस्तूंना माणसाची पाच क्रियापदे लावायला सांगावीत. फ्रिज कुरकुरतो, पंखा मान हलवतो, लिफ्ट कंटाळते.

करावे : शहराच्या नावातला अलंकार शोधावा. ‘सिंगापुरा’ म्हणजे संस्कृतातले सिंहपूर. ‘सेजाराह मेलायू’ या जुन्या मलय बखरीत सांग निला उतामा या राजपुत्राची कथा आहे. किनाऱ्यावर त्याला एक अनोळखी, चपळ जनावर दिसते. हा सिंह असावा, असे त्याला सांगितले जाते आणि तो नगराचे नाव सिंहावरून ठेवतो. या बेटावर रानटी सिंह कधी नव्हते. एका वस्तूच्या जागी दुसरीच समजली गेली, म्हणजे भ्रांतिमान. त्यावर अख्खे शहर उभे आहे.

करावे : प्रतीक आणि रूपक वेगळी ठेवावीत. अर्धा सिंह आणि अर्धा मासा असलेला मरलायन 1964 मध्ये फ्रेझर ब्रुनर यांनी पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी आखला. सिंह नावासाठी, मासा समुद्रासाठी. रूपक एका वाक्यापुरते जगते. प्रतीक वापरून वापरून सगळ्यांचे होते आणि मग स्पष्टीकरण मागत नाही.

टाळावे : गावाच्या नावाला उगाच कवितेचा मुलामा देणे. होक्किएन बोलीत ‘तोआ’ म्हणजे मोठे, ‘पायोह’चे मूळ मलय ‘पाया’, म्हणजे दलदल. तोआ पायोह म्हणजे मोठी दलदल. ही शुद्ध अभिधा आहे. 1960च्या दशकात दलदल भरून इमारती उठल्या, 7 नोव्हेंबर 1987 रोजी एमआरटीचा पहिला टप्पा इथपर्यंत धावला, नाव मात्र तसेच राहिले. जिथे अलंकार नाही, तिथे तो नाही असे सांगता येणे हीसुद्धा समजच.

५. कानाचे अलंकार

करावे : अनुप्रास मोठ्याने म्हणून दाखवावा. एमआरटीच्या पोस्टरवरून प्रवाशांना शिस्त शिकवणारी चित्रपात्रे इथल्या मुलांना पाठ आहेत : स्टँड-अप स्टेसी, गिव्ह-वे ग्लेंडा, मूव्ह-इन मार्टिन, बॅग-डाउन बेनी, हश-हश हॅना. प्रत्येकाच्या कामाचा आणि नावाचा पहिला ध्वनी एकच, म्हणून नाव आठवले की कामही आठवते. अनुप्रास शोभेपेक्षा स्मरणाला जास्त मदत करतो, हे याहून चांगले कुठे दिसणार?

करावे : यमक उखाण्यातून शिकवावे. हळदीकुंकवाला एकीने उखाणा जुळवला, त्यात पहिली ओळ ‘बोगनवेल’वर थांबली आणि दुसरी ‘जायची वेळ’वर. इथे वाढलेल्या मुलींना यमक जुळल्यासारखे वाटले. आजीने मान हलवली : ‘वेल वेगळी, वेळ वेगळी.’ ‘ल’ आणि ‘ळ’मधला फरक त्या दिवशी जिभेवर बसला. मग पहिली ओळ बदलून ‘हॉकर सेंटरमध्ये मिळत नाही भेळ’ अशी झाली आणि हशा मिळाला. चुकलेले यमक उच्चार शिकवून जाते.

करावे : मोरोपंतांचा खेळ खेळून पाहावा. या पंतकवीने रामकथा एकशे आठ तऱ्हांनी रचली असे सांगतात. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटून उच्चारायची अक्षरे टाळली आहेत. मुलांना प, फ, ब, भ, म न वापरता शाळेतला एक प्रसंग सांगायला लावा. ‘आई’ चालते, ‘बाबा’ चालत नाहीत, ‘मम्मी’ तर नाहीच. दोन वाक्यांत दमछाक होते आणि मोरोपंतांविषयी आदर वाढतो.

टाळावे : यमक जुळले म्हणजे कविता झाली असे मानणे. वामनपंडितांचे यमकांचे वेड इतके की लोकांनी त्यांना ‘यमक्या वामन’ म्हटले. त्या नावात कौतुक आहे आणि चिमटाही.

टाळावे : श्लेष समजावून समजावून मारणे. ‘पाचव्या मजल्यापेक्षा वर चांगला मिळेल,’ असे दलाल म्हणाला आणि घर बघायला आलेल्या मुलीच्या आईने कान टवकारले. दलालाला फ्लॅट म्हणायचा होता. हसू आले तर श्लेष कळला. नाही आले तर दुसरे उदाहरण द्यावे, त्याच उदाहरणाचे पोस्टमॉर्टेम करू नये.

६. वाढवून, उलटे आणि आडून बोलणे

करावे : अतिशयोक्तीचा हेतू पाहावा. आचार्य अत्रे कशाचीही थोरवी सांगताना ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ म्हणत. वर्षे मोजायला कोणी बसत नसे. आकडा मोठा करून ते सभेचा उत्साह मोठा करत. ‘मी शंभर वेळा सांगितलं’ म्हणणाऱ्या आईचेही तेच. शंभर हा आकडा नाही, तिथे कंटाळा बोलतो.

करावे : व्याजस्तुती आवाजातून ओळखायला शिकवावे. ‘वा! किती लवकर उठलास!’ हे सकाळी सहाला कौतुक, दुपारी बाराला टोमणा. शब्द तेच, घड्याळ बदलले. लेखी मजकुरात आवाज नसतो, म्हणून तिथे आधीची आणि नंतरची दोन वाक्ये वाचूनच निकाल द्यावा.

करावे : व्याजोक्ती माणसांत शोधावी. चांगी विमानतळावर मुलाचा निरोप घेताना आजी डोळे पुसते आणि म्हणते, ‘इथला एसी फार आहे बाई.’ खरे कारण लपवायला दुसरे कारण पुढे करणे म्हणजे व्याजोक्ती. इथे व्याख्या द्यायची गरजच उरत नाही.

करावे : आडून बोलण्याच्या मराठी रीती जपाव्यात. बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, ‘वाढवली’ म्हणायचे. नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’. लिफ्टचे दार मिटताना नातू ‘जातो’ म्हणाला की आतून हाक येते, ‘जातो नाही रे, येतो म्हण.’ अशुभाला बाजूला ठेवून बोलण्याची ही सवय. पुस्तकातल्या पर्यायोक्तीची ओळख इथूनच करून द्यावी.

टाळावे : शब्द एकदा निंदेचा तर कायम निंदेचा असे धरणे. 1998 मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष हबीबी यांच्या नावावर सिंगापूरला नकाशावरचा लाल ठिपका म्हटल्याचे छापून आले. त्यात हिणवणे आहे असे इथे मानले गेले. पुढे सिंगापूरकरांनीच ‘लिटल रेड डॉट’ हे अभिमानाने स्वतःला लावले. बोलणारा बदलला की त्याच शब्दांचा अलंकारही बदलतो.

७. दृष्टान्त, रूपक-रचना आणि म्हण

करावे : दृष्टान्ताचे तीन तुकडे पाडावेत. महानुभाव पंथात केसोबासांनी श्रीचक्रधरांच्या बोधाचा ‘दृष्टान्तपाठ’ केला. त्यात 114 दृष्टान्त आहेत. आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे कथा, मग दार्ष्टान्तिक म्हणजे कथेतून निघालेला बोध. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. आजच्या भाषणाला किंवा वर्गातल्या निबंधालाही हा साचा तितकाच चालतो : म्हणणे, गोष्ट, दोघांचा सांधा.

करावे : दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास शेजारी ठेवावेत. ‘पहिल्याच महिन्यात पेटी जमली नाही म्हणून रागावू नका, रोप लावल्या दिवशी फळ धरत नाही’ हा दृष्टान्त. दोन्ही बाजूंना एकेक ठोस गोष्ट आहे. ‘घाईत पास घरी विसरला आणि अर्ध्या वाटेतून परत आला, उतावळेपणाने काम दुप्पट होते’ हा अर्थान्तरन्यास. एका प्रसंगावर सर्वांना लागू होणारे विधान टेकवले आहे.

करावे : म्हण मुलाच्या हाती देताना तिचा प्रसंगही द्यावा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण अंगण नसलेल्या बाराव्या मजल्यावरही चालते, पण ‘नेट स्लो आहे म्हणून गृहपाठ झाला नाही’ असे कोणी म्हणाल्याच्या क्षणी ती सांगितली तरच.

टाळावे : संतांच्या रूपकाला शब्दशः घेणे. एकनाथांच्या भारुडातला विंचू हा प्राणी नाही, काम-क्रोधाचा डंख आहे. मुले भारूड सादर करणार असतील तर नांगीचा पोशाख शिवण्याआधी हे सांगावे. आणि सांगितल्यावर पोशाखही जरूर शिवावा, कारण भारूड आधी डोळ्यांनी पाहायचे असते.

८. तीन भाषांच्या तीन याद्या

करावे : सारखे काय आणि वेगळे काय, याचा तक्ता मुलाकडूनच करून घ्यावा. हिंदीच्या तासाला ज्याला ‘मानवीकरण’ म्हणतात, ती आपली चेतनगुणोक्ती. हिंदीचा ‘संदेह’ तो आपला ससंदेह. इंग्रजीतल्या ‘सिमिली’त आपल्या उपमेबरोबर पुष्कळदा उत्प्रेक्षाही बसते. ‘मेटाफर’ची पिशवी तर आणखी मोठी : रूपक, अपन्हुती आणि काही वेळा अतिशयोक्तीही तिच्यात जाते.

टाळावे : ‘यमक’ या शब्दावर भरवसा ठेवणे. सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो. मराठी शाळेत यमक म्हणजे ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरे. हिंदीच्या वहीत यमक म्हणजे एकच शब्द पुन्हा येणे आणि प्रत्येक वेळी वेगळा अर्थ देणे. ‘लिफ्टने वर गेलो आणि वर पाहून आलो’ हे हिंदीच्या हिशेबाने यमक. आपल्याकडचे ‘भेळ–वेळ’ तिकडे ‘तुक’ ठरते. आठवडाभर हिंदी शिकून शनिवारी मराठीला येणारे मूल चुकीचे उत्तर देत नसते, ते दुसऱ्या वहीतले उत्तर देत असते. लाल शाई उचलण्यापूर्वी विचारावे, ‘हे कुठल्या तासाला शिकलास?’

टाळावे : मराठी नाव इंग्रजी नावाचा निव्वळ प्रतिशब्द म्हणून देणे. ‘आयरनी म्हणजे व्याजस्तुती’ असे एका ओळीत सांगितले की दोन्हींचे नुकसान होते. आयरनी घटनेतही असू शकते, व्याजस्तुती बोलण्यातच असते.

९. स्वतः लिहिताना

करावे : उपमान आपल्या अवतीभवतीचे घ्यावे. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्या मुलाने ‘थंडीत गोठलेल्या बोटांसारखे’ लिहिले तर ते वाचलेले असते, अनुभवलेले नसते. ‘पाऊस थांबल्यावर व्हॉइड डेकमध्ये साचलेल्या शांततेसारखे’ हे त्याचे स्वतःचे.

करावे : परिच्छेदात एक अलंकार जोरकस ठेवावा आणि बाकीची वाक्ये साधी. साधी वाक्ये आजूबाजूला असली तरच एक वाक्य उठून दिसते.

टाळावे : कमळासारखे डोळे, चंद्रासारखे मुख, मोत्यांसारखे दात. हे पहिल्यांदा ज्याने लिहिले त्याने पाहून लिहिले होते. नंतरच्यांनी त्याच्याकडे पाहून लिहिले.

टाळावे : रूपकांची खिचडी. ‘विचारांच्या समुद्राला पालवी फुटली आणि तिने यशाचे शिखर गाठले’ या एका वाक्यात पाणी, झाड आणि डोंगर एकमेकांवर आदळतात. समुद्र घेतला तर लाट, भरती, किनारा यांतच राहावे.

टाळावे : मुलाच्या वहीत ‘अलंकार वापर’ असा शेरा मारणे. त्याऐवजी ‘मला ते दिसलं नाही, कशासारखं होतं?’ असे विचारावे. उपमा आपोआप येते.

येत्या रविवारी मुलांना घेऊन लोरोंग ६ वर जा. ड्रॅगनच्या समोरच्या बाकावर बसून त्याच्याबद्दल पाच वाक्ये त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या. दोन साधी आणि तीन अलंकाराची, नावे न विचारता. शुद्धलेखन नंतर पाहता येईल. त्यांतले एखादे वाक्य वाचून तुम्हाला ड्रॅगन नव्याने दिसला, तर ते पान वहीत ठेवू नका, महाराष्ट्र मंडळ सिंगापूरच्या ‘ऋतुगंध’कडे पाठवा. इथल्या शाळेत मराठीचा तास नाही, तेव्हा या वाक्यांना वाचक आपणच मिळवून द्यायला हवेत.